मौनीबाबांचं नेत्रजल

"मागच्यांनी ढकलू नका! देव काही पळून जात नाही!" असं ओरडत जो माणूस रांग आवरत होता, तोच सगळ्यांत जास्त ढकलत होता.

लेण्याच्या दारापासून खाली रस्त्यापर्यंत माणसंच माणसं. कोणाच्या डोळ्यावर पट्टी, कोणाला धूसर दिसतंय, कोणाच्या डोळ्यांना काहीच झालेलं नाही, पण सगळे जातात म्हणून तेही आलेले. प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली. आत काळोख, घामाचा वास आणि वटवाघळांचा त्याहून जुना वास. डोंगर पोखरून काढलेलं हे मोठं दालन. समोरच्या गाभाऱ्यात दगडात कोरलेला, मांडी घालून बसलेला बुद्ध. डाव्या हाताच्या भिंतीवर कधीकाळी चित्रं होती. आता तिथे धुळीचा आणि क्षारांचा राखाडी पापुद्रा होता. बारकाईने पाहिलं तरच त्याखाली एका चेहऱ्याची पुसट कड दिसायची.

त्या भिंतीपुढे स्टुलावर मौनीबाबा उभे होते. पांढरी कफनी, पांढरी दाढी, हातात ओला स्पंज. नाव मौनी, पण बोलायला लागले की मौनाची पाळी ऐकणाऱ्यांवर यायची.

"बघा, लेकरांनो, बघा! ही कोरडी भिंत! ही आंधळी भिंत! युगानुयुगं मिटलेले हे डोळे! आता जल चढेल, करुणा जागी होईल, डोळे उघडतील! मात्र ज्याच्या मनात किंतु आहे, त्याला काही म्हणजे काही दिसणार नाही!"

हे शेवटचं वाक्य मोठं कामाचं. त्यामुळे ज्याला खांबाआडून काही दिसत नाही तोही सगळ्यांच्या आधी "दिसलं, दिसलं" म्हणून ओरडतो.

बाबांनी स्पंज भिंतीवर दाबला. पाण्याचे ओघळ खाली आले आणि त्या राखाडीतून एक कपाळ निघालं. मग भुवई. मग नाकाची सरळ रेघ, गव्हाळ रंगाचा गाल, बोटांत धरलेलं निळं कमळ, आणि शेवटी खाली झुकलेले दोन लांबट डोळे, काळ्या बुबुळांसकट. गर्दीने एकदम श्वास घेतला. बाया रडायला लागल्या. भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याची पन्हळ लावली होती. चेहऱ्यावरून उतरलेलं गढूळ पाणी त्यातून बादलीत पडत होतं, आणि बादलीतून बाटल्यांत. त्याचं नाव नेत्रजल. ते डोळ्यात घालायचं.

खरं सांगते, तो चेहरा मी जन्मभर पाहिला तरी माझा श्वास अडकतो. कुणा अनामिक भिक्षूने किंवा कारागिराने दिव्याच्या उजेडात काढलेला तो चेहरा इतका शांत आहे की त्याच्यासमोर आपली सगळी लगबग खोटी वाटते. म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं काम भिंतींचं. जुन्या चित्रांखालचा गिलावा दगडापासून सुटतो, फुगतो, आणि एक दिवस गळून पडतो. मी त्याच्या मागे सुईने पातळ चिकट चुना सोडते आणि तळव्याने दाबून धरते, हात बधिर होईपर्यंत. दुसऱ्या एका डोंगरातल्या लेण्यांच्या कामासाठी मी महिनाभर बाहेर होते. परत आले तर इथे ही जत्रा.

आणि रांगेत, बाटली घेऊन, माझा दादा आणि वहिनी. वहिनीच्या कडेवर माझी सात वर्षांची भाची, चिमणी. तिचा उजवा डोळा सुजून बंद झाला होता.

दादाचं वेल्डिंगचं दुकान आहे. घर मागे, दुकान पुढे. दारं, जाळ्या, जिन्याचे कठडे. चिमणी त्याला चहाचा कप द्यायला आली आणि ग्राइंडरखालून उडालेली लोखंडाची बारीक कणी तिच्या डोळ्यात गेली. त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात ती काढलीही. डॉक्टरने थेंब दिले, दर तासाला घाला म्हणाला, दोन दिवसांनी आणा म्हणाला. त्या गर्दीत मला त्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही; हे सगळं मी परतले त्या दिवशी संध्याकाळी दादाच्या स्वयंपाकघरात बसून कळलं.

"मग थेंब कुठे आहेत?" मी विचारलं.

वहिनीने कपाटाकडे बघितलं. दादाने जमिनीकडे.

"बाबा म्हणाले, दोन्ही एकत्र चालत नाही," वहिनी हळूच म्हणाली. "एक तर औषध, नाहीतर कृपा."

मी चिमणीला खिडकीशी नेलं. पापणी अलगद वर केली. बुबुळावर पांढरा ठिपका होता आणि भोवती सगळं लाल. ती कळवळून मागे सरकली.

"आत्या, उजेड टोचतो," ती म्हणाली.

"दादा, आत्ताच्या आत्ता उठ. गाडी काढ."

"नको."

"वेडा झालायस का? त्या पाण्यात काय आहे माहितीये तुला? भिंतीवरची धूळ आहे, वटवाघळांची घाण आहे. ते तू तिच्या जखमेत घालतोयस!"

"हळू बोल," दादा म्हणाला. मग स्वतःच आवाज चढवला. "तो डॉक्टर मला भरल्या दवाखान्यात बोलला. लेकरू शेजारी उभं असताना ग्राइंडर चालवता, काही अक्कल आहे का, म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत होते. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, तुझा काही दोष नाही. पोरीच्या डोळ्यावर आधीपासूनच छाया होती, कणी नुसतं निमित्त."

नेत्रजल जात होतं पोरीच्या डोळ्यात आणि आराम पडत होता बापाला. एवढा हुशार धंदेवाईक मला आजवर दुसरा भेटला नाही.

वहिनीचं मन मात्र दोन्हीकडे ओढत होतं. ती म्हणाली, "ताई, उद्या मूर्तीला विचारू. बाबा विचारतात. होकार असेल तर देव हसतो, नकार असेल तर रागावतो. मी स्वतः पाहिलंय. देव हसला तर आपण लगेच दवाखान्यात जाऊ. मग हेसुद्धा अडवणार नाहीत."

दादाने मान हलवली. देवाने हो म्हटलं तर त्यालाही डॉक्टरसमोर उभं राहायचं बळ आलं असतं, असं मला वाटलं.

सकाळी आधी मी आमच्या पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसात गेले. साहेबांनी मला बसायला सांगितलं आणि पंख्याचा वेग वाढवला.

"लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे, मॅडम."

"भिंतीचा प्रश्न आहे, साहेब. रोज पाणी मारताहेत. आतली माती फुगलीय. आणि आतले दिवे कोणी काढले?"

"त्यांनी विनंती केली. विजेच्या उजेडाने पावित्र्य भंगतं म्हणे. आणि खरं सांगू का, इतकी वर्षं या लेण्यांकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. आता बघा." साहेबांनी खिडकीतून रांगेकडे असं बघितलं, जणू ती त्यांनीच पेरली होती.

दिवे काढले म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या लेण्यांत दिवे यायच्या आधी एक माणूस दाराशी मोठ्या चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड घेऊन उभा राहायचा. सूर्याचा उजेड त्या कापडावर घेऊन आत फेकायचा आणि पाहुण्यांना मूर्ती दाखवायचा. आम्ही त्याला उजेडवाला म्हणायचो. त्याच काळात काही वाटाडे भिंतीवर चोरून पाणी मारायचे, कारण ओल्या भिंतीवर रंग खुलतात आणि पाहुणे खूश होतात. पुढे पाण्यावर बंदी आली, दिवे आले, उजेडवाल्याचं काम गेलं. तो कुठे गेला याची कोणी चौकशी केली नाही. आता कळलं, मौनीबाबा म्हणजे तोच. दर्शन फक्त सकाळी, ऊन दाराशी असेपर्यंतच. दुपारनंतर देव विश्रांती घेतात. आणि सुरुवात करण्याआधी बाबा एकदा मान वळवून सूर्य कुठे आलाय ते बघतात. दाढी वाढली, पण ती सवय काही गेली नव्हती.

मी पोचले तेव्हा दादा, वहिनी आणि चिमणी गाभाऱ्यासमोर बसले होते.

"विचारा, लेकरांनो! निर्भय होऊन विचारा!" मौनीबाबा गरजले. "हे करुणाघना! ही चिमुकली तुझ्या दारी आली. हिला सुया टोचणाऱ्यांच्या हवाली करायची, की तुझ्या छत्राखाली ठेवायची? बोल, मौन सोड!"

मौन सोडा असं दुसऱ्याला सांगणारा मौनी मी पहिल्यांदाच बघत होते. पण गर्दीतून कोणी हसलं नाही. सगळे मूर्तीकडे टक लावून होते. आणि त्या दगडाच्या चेहऱ्यावर, जो क्षणापूर्वी मंद हसत होता, भुवयांखाली काळोख साचला. ओठांची टोकं खाली वळली. गाल कठोर झाले.

"रागावले!" कोणीतरी किंचाळलं. वहिनीने चिमणीला छातीशी आवळलं आणि रडायला लागली. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी तोवर दाराकडे पोचले होते. दाराच्या आतल्या अंगाला बाबांचा मेव्हणा बसला होता. त्याच्यापुढे चौकटीवर पांढरं कापड. बाबांचं वस्त्र वाळत घातलंय, असं तो सगळ्यांना सांगायचा. एवढं ऊन असताना महिनाभरात न वाळलेलं वस्त्र! त्याने नुकतीच ती चौकट समोरून ओढून बाजूला तिरकी केली होती. मी ती त्याच्या हातातून हिसकावली. तो "अहो, अहो" म्हणत उठला, पण ओरडायची चोरी होती त्याला.

"वहिनी!" मी दारातून हाक मारली. "मूर्तीकडे बघ. आता हसेल."

चौकट समोर धरली. उजेड सरळ चेहऱ्यावर पडला आणि बुद्ध हसला.

"आता रागावेल."

चौकट बाजूला नेली. नाकाची सावली गालावर पडली, भुवया आवळल्या.

"परत हसेल. बोला, कितीदा हसवू?"

आतून कुजबुज सुरू झाली. एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, हा तर उन्हाचा खेळ." चार माणसं हसली. मूर्ती घडवणाऱ्याने तो चेहरा असा घडवला होता की जिथून उजेड येईल तसा त्याचा भाव बदलावा. ते त्या माणसाचं कसब होतं. शेकडो वर्षांनी त्याच्या कसबावर हा पोट भरत होता.

पण मौनीबाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "उजेडही त्याचाच, सावलीही त्याचीच!" ते म्हणाले. "ही बाई कापड हलवते. हलवू दे! पण भिंतीवरचे डोळे? ते कोण उघडतं? बाईंनी उघडून दाखवावेत! निर्मळ हाताशिवाय ते उघडत नाहीत!"

हसणारी माणसं गप्प झाली. दादा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत मी हरावं असंच होतं.

मी पायाजवळचा एक गोटा उचलला. धुळीने पांढुरका झालेला. त्यावर माझ्या बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं. गोटा लालबुंद झाला, त्यातल्या रेघा दिसायला लागल्या.

"नदीकाठी सगळ्यांनीच पाहिलंय हे. कोरडा असला की राखाडी, ओला झाला की रंगीत. वाळला की पुन्हा राखाडी. भिंतीचंही एवढंच आहे. वरची धूळ आणि क्षार ओले झाले की आरपार दिसतं, खालचा रंग दिसतो. दुसरं काही नाही."

"गोटा तो गोटा, बाई," रांग आवरणारा म्हणाला. "देव तो देव."

बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी भिंतीकडे गेले. बोटाच्या पेराने चेहऱ्याच्या गालापाशी हलकेच ठोकलं. पोकळ आवाज आला. महिनाभराच्या पाण्याने आतला गिलावा दगडापासून पुरता सुटला होता. आता त्याला पाणी लावायचं म्हणजे काय, हे त्या दालनात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. चिमणीने दुखरा डोळा आईच्या खांद्यात खुपसला होता. एका बाजूला भिंतीवरचा डोळा होता, दुसऱ्या बाजूला तिचा. निवडायला वेळ लागला नाही.

मी बाबांचा स्पंज घेतला, माझ्या बाटलीतल्या पाण्यात बुडवला आणि भिंतीला हलकेच टेकवला. कपाळ आलं. भुवई आली. एक डोळा उघडला.

"बघा! मंत्र नाही, तंत्र नाही. नळाचं पाणी आहे. कोणीही..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत एक म्हातारे गृहस्थ माझ्या पायांवर कोसळले. "आई! आई, मला ओळखता आलं नाही गं तुला!"

मागून आणखी दोघं आले. पाहता पाहता रिकाम्या बाटल्या माझ्यासमोर नाचू लागल्या. आणि मौनीबाबांनी, जणू हे सगळं ठरलेलंच होतं अशा थाटात, दोन्ही हात वर केले. "माझीच शिष्या! मीच परीक्षा घेतली तिची!"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला त्या माणसांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, एकेकाच्या. डोळ्यांसमोर युक्ती उलगडून ठेवली तर यांनी त्या युक्तीचीही पूजा मांडली. मी स्पंज उचलून दादाच्या हातात कोंबला.

"तू लाव."

"मी?" दादाने हात मागे घेतला. ग्रीसने काळे झालेले, भाजल्याच्या डागांचे हात.

"हो, तूच."

"त्याला नको!" मौनीबाबा स्टुलावरून ओरडले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "ज्या हाताने पोटच्या पोरीचा डोळा फोडला, त्या पापी हाताला देव दिसायचा नाही! अंधार होईल, अंधार!"

दादा हळूच म्हणाला, "बाबा, परवा तर म्हणालात, माझा दोष नाही."

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते एवढंच त्यांचं खरं मौन.

"परवा म्हणालात, कणी नुसतं निमित्त. डोक्यावर हात ठेवून म्हणालात." दादाने स्पंज बादलीत बुडवला आणि भिंतीवर दाबला. मी "हलक्या हाताने" म्हणाले, पण त्याला ऐकू गेलं नाही. लोखंडावर दाबतात तसा त्याने तो दाबला. आणि त्या पापी हाताखाली दुसरा डोळा उघडला. गाल आला, ओठ आले, निळं कमळ आलं. आधीसारखंच, तितकंच सुंदर. अंधार वगैरे काही झाला नाही.

मग एक मऊ आवाज झाला. कपाळापासून हनुवटीपर्यंतचा सगळा गिलावा भिंतीवरून सुटला आणि दादाच्या हातांत, त्याच्या शर्टावर, जमिनीवर आला. भिंतीवर नुसता काळा दगड उरला, त्यावर छिन्नीचे घाव.

दादा हातातल्या ढेकळाकडे बघत होता. त्याने ते बोटांनी फोडलं. "चिखल आहे," तो म्हणाला. "चिखल आणि भुसा." त्याने ते पुढच्या माणसासमोर धरलं, मग त्याच्या शेजारच्यासमोर. "बघा ना. भुसा आहे यात. हे मी माझ्या पोरीच्या डोळ्यात घालत होतो."

"पाप्याने देव मारला!" रांग आवरणारा ओरडला. पण त्याच्या मागे कोणी ओरडलं नाही. बाबांना शोधायला त्याने मान वळवली, तर स्टूल रिकामं होतं. मेव्हणाही नव्हता. चौकट तेवढी दाराशी पडली होती. आजींनी आपली बाटली उलटी करून पाणी जमिनीवर ओतलं. काहींनी त्यांचं पाहून ओतलं. काहींनी बाटल्या कपड्यांत लपवल्या आणि घरी नेल्या. तेही मी पाहिलं.

दवाखान्यात तोच डॉक्टर होता. दादाने आत जाताच सांगून टाकलं, "चूक माझी होती. ग्राइंडर मी चालवत होतो. थेंबही मीच बंद केले. आता पोरीचं बघा." डॉक्टरने चिमणीचा डोळा बराच वेळ तपासला. या वेळी तो कोणावर ओरडला नाही. तेव्हाच मी समजले.

डोळा जागेवर राहिला, दृष्टी राहिली नाही. बुबुळावर पांढरा डाग कायमचा बसला. वेळेवर थेंब पडले असते तर डोळा बहुधा वाचला असता, असं डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं. दादाला सांगू नका, असंही म्हणाला. दादाने ते दाराआडून ऐकलं होतं.

ऑफिसकडून मला नोटीस आली. प्राचीन चित्राला पाणी लावून त्याचा नाश करण्यास कारणीभूत झाल्याबद्दल. मौनीबाबांचं नाव त्यात नव्हतं, कारण ऑफिसच्या लेखी ते कधी तिथे नव्हतेच. ऐकते की ते आता दुसऱ्या गावी असतात आणि बहिऱ्यांचे कान उघडतात. दादाच्या दुकानात आता दाराशीच संरक्षक चष्मे टांगलेले असतात. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, चष्मा घातल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही. लोक त्याची चेष्टा करतात. तो करू देतो.

परवा चिमणीने हट्ट धरला म्हणून तिला लेण्यात घेऊन गेले. आता तिथे गर्दी नसते. ती त्या उघड्या दगडासमोर उभी राहिली. मान थोडी वळवून, चांगला डोळा पुढे करून. तशी सवय लागलीय तिला.

"आत्या, इथेच होते का ते डोळे?"

"हो."

"त्याच पाण्याने गेले? माझा गेला त्या?"

"त्याच पाण्याने."

तिने जरा विचार केला. "पण तिथे तर एवढी मोठी माणसं होती. कोणीच कसं विचारलं नाही, हे पाणी कसलंय?"

तिचा हात धरून मी बाहेर उन्हात आले.

तिने विचारलं, तेच आता तुम्हाला सांगते. पुढच्या वेळी कोणी भिंतीतून देव काढून दाखवला, तर हात जोडायच्या आधी विचारा, हे पाणी कसलंय. भिंत वाळेपर्यंत तिथेच थांबा आणि मग पुन्हा बघा. आणि लेकराचा डोळा दुखत असेल, तर कोणत्याही मूर्तीचा होकार न घेता उठा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. त्याच दिवशी न्या.